उसने ठोसे

मराठी समीक्षकांच्या तावडीतून आजवर फारसं काही सुटलेलं नाही. कवितेपासून कोनशिलेपर्यंत आणि दशावतारापासून दिवाळी अंकातल्या जाहिरातींपर्यंत सगळ्यांचा त्यांनी परामर्श घेतलेला आहे. (परामर्श घेणं हा खास समीक्षेतला शब्द. साध्या मराठीत त्याला खरडपट्टी काढणं म्हणतात.) पण पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, मिनिटभर एकमेकांना यथेच्छ बडवतात, आणि बडवणारी बोटं मात्र खुर्चीवर बसलेल्या दोन पोरांची असतात, ह्या कलाप्रकाराकडे आमच्या समीक्षकांनी वाकड्या नजरेनंही पाहिलेलं नाही. म्हणून ही उणीव भरून काढायचं मी ठरवलं आहे. त्यातही मला बोलायचं आहे ते नकलाकारांविषयी. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचा एकही ठोसा नाही, जे सगळी मारामारी दुसऱ्याच्या हातापायांनी करतात, त्या मंडळींविषयी.

माझा ह्यातला अधिकार काय, असं कुणी विचारील. मी स्वतः ते बटनांचं यंत्र आयुष्यात हातात धरलेलं नाही. पण एकही कादंबरी न लिहिता कादंबरीवर बोलणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे इतकी थोर आहे, की न खेळता खेळावर लिहायला मला कसलाही संकोच वाटत नाही. शिवाय माझं पाहणं भरपूर आहे. २००२ च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत, व्हिडिओ गेम पार्लर निघालं. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबलफॅन. तो मालकाकडे तोंड करून. तासाला दहा रुपये. माझा भाचा निखिल तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि तिथं जायचं तर बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं, अशी माझ्या बहिणीची अट होती. संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर घरात सगळ्यांत निरुपयोगी मोठं माणूस मीच. नववी खुर्ची नव्हती, म्हणून मी घरून स्टूल नेत असे.

तिथं 'टेकन थ्री' चालायचं. नामको ह्या जपानी कंपनीचा खेळ. १९९७ साली तो नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर आला, १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर, आणि आपल्याकडच्या पार्लरांत एकदा शिरल्यावर जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखा कित्येक वर्षं हलायलाच तयार नव्हता. त्यात जो तो आपापली विद्या घेऊन आलेला. ह्वारांग तायक्वांदोच्या लाथा मारायचा. एडी गोर्डो नावाचा ब्राझीलचा इसम कापोएरा खेळत हातांवर उभा राहून पाय फिरवायचा. त्याची बटनं कुणी कशीही दाबली तरी तो सुंदरच दिसायचा, म्हणून नवशिकी पोरं त्याच्यावर तुटून पडायची. आणि ह्या सगळ्या घराण्यांच्या मेळ्यात एका कोपऱ्यात उभा होता मोकुजिन.

मोकु म्हणजे लाकूड, जिन म्हणजे माणूस. हा खरोखरच लाकडाचा ठोकळा. दोन हजार वर्षांच्या ओक वृक्षापासून घडवलेला, कुस्ती-कराटेच्या सरावासाठी वापरायचा पुतळा. पृथ्वीवर मोठं संकट आलं, की तो जिवंत होतो. आपल्याकडे जसा मल्लखांब असतो, तसाच हा. फरक एवढाच, की आपला मल्लखांब गडी अजून शांत आहे. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांपासून आजतागायत पोरांनी त्याला पायांनी आवळलं, तेल लावून चोळलं, त्याच्यावर उलटे टांगून घेतलं, पण त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. तो जर एखाद्या सकाळी उठला आणि 'आता तुम्ही उभे राहा, मी चढतो' म्हणाला, तर जे होईल ते म्हणजे मोकुजिन.

ह्याच्याकडे स्वतःची विद्या नाही. प्रत्येक फेरीला तो खेळातल्या दुसऱ्या कुणाची तरी चाल उचलतो. पहिल्या फेरीत ह्वारांगच्या लाथा, दुसरीत एडीचे हातांवरचे खेळ, तिसरीत आणखी कुणी. कोणाची, ते आधी सांगत नाहीत. खेळणाऱ्यालाही सांगत नाहीत! फेरी सुरू होण्यापूर्वी तो लाकडी गडी जो काही उभा राहतो, गुडघे किती वाकवतो, मुठी कुठं धरतो, जागच्या जागी कसा डुलतो, तेवढ्यावरून ओळखायचं, की आज आपल्या अंगात कोण आलं आहे. समोरच्यालाही तेवढाच वेळ.

ह्यावर वरवरच्या टीकाकारांचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणणार, की ही कंपनीची काटकसर. नव्या पात्राच्या नव्या हालचाली रेखायला माणसं लागतात, महिने लागतात. त्यापेक्षा एक ठोकळा रंगवा आणि त्याला सगळ्यांचे जुने कपडे घाला. धाकट्या भावाला थोरल्याच्या चड्ड्या घालतात तसं. हे खरं आहे, असणारच. पण काटकसरीतून कला निघत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या आजीची फोडणीची पोळी खाल्लेली नाही. पार्लरमध्ये मी पाहिलं ते असं, की मोकुजिन घेणारा पोरगा हा एक तर साफ अडाणी असायचा किंवा पुरा पंडित. बाकीच्यांनी एकच धडा पाठ केलेला. ह्याला सगळं पुस्तक यावं लागे, आणि प्रश्न कोणता येणार ते घंटा झाल्याशिवाय कळत नसे. नक्कल करणाऱ्याला अस्सलापेक्षा जास्त यावं लागतं, ही गोष्ट मला त्या गिरणीत समजली. तोवर मी ती तीस वर्षं पोटासाठी करत होतो, पण समजली नव्हती.

कारण मी ज्या ऑफिसात होतो तिथं माझं काम मसुदे करण्याचं. साहेबांनी सही करायची, लिहायचं मी. आणि साहेब तीन वर्षांनी बदलायचे. एकांना प्रत्येक वाक्यात 'सदरहू' लागे; ते नसलं, तर आपल्याला पगार कमी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होई. दुसरे आले त्यांना 'सदरहू'चा वास सहन होत नसे. त्यांची वाक्यं तारेसारखी. तिसरे कवी होते. नाल्याच्या दुरुस्तीच्या प्रस्तावात त्यांना पावसाळ्याचं थोडं वातावरण हवं असे. नवे साहेब रुजू झाले, की पहिल्या दिवशी मी फक्त त्यांचं दारातून आत येणं बघत असे. बॅग कुठल्या हातात आहे, शिपायाकडे बघतात की पंख्याकडे, खुर्चीत बसतात की खुर्चीवर आदळतात. तेवढ्यावरून माझं अनुमान व्हायचं, की आता सदरहू की पावसाळा. निखिलचा मोकुजिन त्या पडद्यावर पहिल्यांदा डुलताना पाहिला तेव्हा मला ऑफिसबाहेर भेटलेला हा पहिला समव्यवसायी वाटला.

२००९ साली मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात साहेबांनी माझ्यावर भाषण केलं, ते अर्थातच मी लिहिलेलं होतं. त्यांच्या शैलीत. फार गोड बोलले माझ्याबद्दल. मग आभाराचं भाषण करायला मी उठलो. खाली बसल्यावर शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "वा! अगदी जुन्या साहेबांसारखं झालं." कुठल्या जुन्या, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी निखिलला हे हसत हसत सांगितलं. तो तेव्हा अठरा वर्षांचा, हसला नाही. म्हणाला, "मामा, पण तुझी स्वतःची कुठली?"

ह्या प्रश्नाला टेकनच्या कर्त्यांनी उत्तर दिलेलं नाही, मीही देत नाही.

आता दुसरं घराणं. अमेरिकेतल्या मिडवे कंपनीत एड बून आणि जॉन टोबायस ह्या दोघांनी १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' काढलं, त्यातला खलनायक शँग त्सुंग. हा मांत्रिक. हरलेल्यांचे आत्मे गिळतो आणि त्यांची रूपं घेतो. मोकुजिन चाल उचलतो, पण लाकूड लाकूडच राहतं. शँग त्सुंग चेहऱ्यासकट सगळं लांबवतो. आपल्या बहुरूप्यासारखा. फौजदाराचा वेष करून तो दारात आला आणि दरडावून बोलला, तरी आपण त्याला दोन रुपये देतो ते तो फौजदार नाही हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून. शँग त्सुंगला आपण दोन रुपये देणार नाही.

पण ह्या लबाडीलाही कष्ट आहेतच. १९९३ च्या दुसऱ्या भागात एकेकाचं रूप घ्यायला बटनांचा वेगवेगळा मंत्र होता, आणि समोरून लाथा येत असताना तो अचूक म्हणायचा. मंत्र चुकला, की म्हातारा आपला जागच्या जागी हात हलवत उभा आणि समोरचा हाणतोय. पुढं प्लेस्टेशनवर तिसरा भाग आला तेव्हा तर गंमतच झाली. रूप बदलायला लागणारी चित्रं तबकडीवरून आणावी लागायची, म्हणून भर मारामारीत खेळच क्षणभर थबकायचा. बहुरूपी पडद्यामागं लुगडं नेसून येईपर्यंत शत्रूनं लाथ हवेत धरून उभं राहायचं! सोंगाढोंगाच्या इतिहासात इतका प्रामाणिक क्षण मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि ह्याच खेळाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे, ती मला कुठल्याही कथानकापेक्षा जास्त आवडते. मॉर्टल कॉम्बॅटमधली माणसं रंगवलेली नव्हती. खऱ्या नटांचं चित्रण करून ती पडद्यावर घातलेली होती. पहिल्या भागात नायक ल्यु कँग आणि म्हातारा शँग त्सुंग, दोन्ही एकाच माणसानं केले होते: हो सुंग पाक. म्हणजे शँग त्सुंग जेव्हा ल्यु कँगचं रूप घ्यायचा, तेव्हा तो गृहस्थ दाढीमिशी उतरवून स्वतःच्या घरी यायचा. पुढं तर उलटंच झालं. १९९५ च्या चित्रपटात कॅरी-हिरोयुकी तागावा ह्यांनी शँग त्सुंग असा काही उभा केला, की २०१९ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट ११' मध्ये खेळातल्या शँग त्सुंगला तागावांचाच चेहरा आणि आवाज द्यावा लागला. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं चोरणाऱ्याला शेवटी आपलं म्हणून जे तोंड मिळालं, तेही आपली नक्कल करणाऱ्याचं.

कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर'चं प्रकरण निराळं. तिथं नकलेपासूनच सुरुवात. १९८७ च्या पहिल्या खेळात पहिला खेळाडू र्‍यू, दुसरा केन; डोक्यावरचे केस सोडले तर दोघांत डाव्या-उजव्या चपलेइतकाही फरक नाही. १९९१ च्या दुसऱ्या भागातही जवळजवळ तेच. दोघेही एकाच गुरूचे शिष्य, असं कारण देऊन ठेवलेलं, आणि ते कारण मला पटतं. एका शाळेतली दोन पोरं बारावीपर्यंत एकाच अक्षरात लिहितात. मग १९९२ पासून केन हळूहळू सुटायला लागला. तोच वरती उसळून मारायचा ठोसा, पण ह्याचा जरा लांब जाणारा. पुढं त्याला आग लागली. मग वेगळ्या लाथा आल्या. नक्कल करता करता माणूस कुठल्या दिवशी वेगळा झाला, तो दिवस कुणाला नेमका दाखवता येत नाही, आणि केनच्या बाबतीत मात्र तो आवृत्तीच्या क्रमांकासकट दाखवता येतो. अशी सोय वाङ्मयाच्या इतिहासात असती, तर किती प्राध्यापकांचं भांडण मिटलं असतं!

तेवढ्यात ह्या र्‍यू-केनचीच उचल झाली म्हणून कुजबुज सुरू झाली. एसएनके ह्या दुसऱ्या जपानी कंपनीचं 'आर्ट ऑफ फायटिंग' १९९२ मध्ये आलं, त्यात र्‍यो आणि रॉबर्ट अशी जोडी. बघणारे बघतच होते. एखाद्यानं वकिलाची नोटीस पाठवली असती. कॅपकॉमनं १९९५ च्या 'स्ट्रीट फायटर अल्फा'त डॅन नावाचा एक गडी लपवून ठेवला. रॉबर्टसारखी शेंडी, र्‍योसारखा थाट, अंगावर गुलाबी पोषाख, आणि तोंडानं अखंड बढाई. एक हात पुढं करून आगीचा गोळा सोडायला जातो, तर तो गोळा त्याच्याच तळहातापाशी विझतो. ज्यांनी आपली नक्कल केली त्यांची नक्कल करून दाखवायची, हे समीक्षेचं टोक झालं. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले' लिहिताना कवींना जे सांगितलं, तेच हे, फक्त लाथाबुक्क्यांत. आणि गंमत म्हणजे, डॅन टिकला. टिंगलीसाठी जन्माला घातलेल्या त्या प्राण्यावर लोकांनी इतका जीव लावला, की पुढच्या खेळांतून त्याला परत परत बोलावणं आलं. विडंबन मूळ कवितेइतकंच पाठ व्हावं, तसं.

त्याच कंपनीचा ट्वेल्व्ह मात्र माझ्या गळी उतरत नाही. १९९९ च्या 'थर्ड स्ट्राइक'मधला हा पांढरा, चिकट, बिनचेहऱ्याचा प्राणी. प्रयोगशाळेत बनवलेला, बोलतो तेसुद्धा शून्य आणि एकच्या भाषेत. पुरेशी शक्ती साठली, की तो थोडा वेळ समोरच्याचं हुबेहूब रूप घेतो. पण त्यात जोखीम नाही, ओळख नाही, समोर जे उभं आहे तेच आपण व्हायचं. आरशाला विद्वान म्हणायचं का? २००८ च्या चौथ्या भागातला सेथ त्याहून वाईट. गाइलचा मारा, झांगिएफची उचलून आपटी, धालसिमचे लांबणारे हात, सगळं ह्या एकाच माणसात कोंबलेलं. लग्नाच्या पंगतीत उरलेल्या सगळ्या भाज्या एकत्र करून दुसऱ्या दिवशी वाढतात, तशी त्याची चव लागते. त्यापेक्षा निन्टेन्डोचा कर्बी बरा. तो गोल गुलाबी जीव समोरच्याला सरळ गिळतो, त्याची एक विद्या ठेवून घेतो आणि त्याची टोपी डोक्यावर चढवून हिंडतो. उचलेगिरी केल्यावर मूळ मालकाची टोपी घालून हिंडणं, इतका ऋणनिर्देश आमच्याकडच्या पीएच.डी.च्या प्रबंधांतही आढळत नाही.

परत 'टेकन'कडे येतो, कारण निखिल तिथंच असायचा. ज्या संकटामुळे मोकुजिन जागा झाला, ते संकट म्हणजे ओगर. हाही नकलाकारच. थोर थोर मल्लांना गाठून त्यांना संपवायचं आणि त्यांची विद्या आपल्या अंगात घ्यायची, हा त्याचा उद्योग. म्हणजे एकाच खेळात दोघेही सगळ्यांच्या चाली खेळतात. पण मोकुजिननं त्या उसन्या घेतलेल्या असतात आणि ज्याच्या त्या त्याच्याकडे शाबूत असतात. ओगरनं घेतल्या, की मागं माणूस उरत नाही. ओगरनं मारलेल्यांत एक होता किंग. मेक्सिकोतला पैलवान, चेहऱ्यावर चित्त्यासारख्या जॅग्वारचा मुखवटा. कुस्तीच्या कमाईवर अनाथ मुलांचं घर चालवायचा.

निखिल रोज किंगच घ्यायचा. मला वाटे मुखवट्यासाठी. अकरा वर्षांच्या पोरानं वाघासारखं तोंड सोडून दुसरं काय घ्यावं? एकदा मी स्टुलावरून सहज म्हटलं, "तुझा हा किंग तर ओगरनं मारला होता ना? मग हा कसा काय खेळतोय?"

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मामा, हा तो नाही. तो मेला. हा त्याच्या घरातला मुलगा आहे. त्याचा मुखवटा घालून त्याच्यासारखं करतो."

"का?"

"नाहीतर बाकीच्या मुलांना जेवायला कोण देणार?"

हे त्यानं मनचं सांगितलेलं नव्हतं, खेळाची गोष्ट खरोखर तशीच आहे. अनाथाश्रमात वाढलेल्या त्या पोरानं मुखवटा चढवला खरा, पण कुस्ती कुठं येत होती? सुरुवातीला हरतच गेला. मग जुन्या किंगचा प्रतिस्पर्धी आणि मित्र, काळ्या मुखवट्याचा आर्मर किंग, त्याच्याकडे आला आणि मेलेल्याचे डाव त्याला एकेक करून शिकवले. हे निखिल मला सांगत होता त्याला त्याचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. माझे मेहुणे. मला आधी सुचलं नव्हतं, की बहीण त्याला त्या गिरणीत का जाऊ देते आणि मला स्टूल घेऊन बरोबर का पाठवते. मी पुढच्या तासाचे दहा रुपये मालकाला दिले आणि पंखा थोडा इकडे वळवायला सांगितला. तो वळवला नाही.

माझ्यासारखा मसुदेकार, त्याला कुणाची चाल कुणाकडून आली हे ओळखायची खोड असायचीच. निखिल आता तिशी ओलांडलेला, बंगलोरला नोकरीला आहे. गणपतीत आला होता. सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसला. आधी उभी घडी, मग आडवी, मग शब्दकोडं तेवढं वर राहील अशी तिसरी घडी, आणि पेन्सिल कानावर. मेहुणे कोडं असंच सोडवायचे. ते गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता, कोडं सोडवण्याच्या वयाचाही नव्हता. मी बहिणीकडे पाहिलं. तिनंही पाहिलेलं होतं. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. तेवढ्यात निखिलनं विचारलं, "मामा, चार अक्षरी शब्द आहे. 'सोंग घेऊन दारोदार फिरणारा', पहिलं अक्षर 'ब'."